मेलेल्यानं बोलायचं नसतं

...आणि माझं म्हणणं एवढंच होतं की मरायला माझी ना नाही, पण निदान सावलीत तरी मरू द्या. सप्टेंबरातलं ऊन ते, हॉस्पिटलच्या मागच्या अंगणातलं डांबर तापलेलं, त्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर मी, गळ्यात सुतळीनं बांधलेली काळी चिठ्ठी, आणि सिस्टर पोलिना हातातला कर्णा तोंडापुढून न काढता माझ्या कानाशी वाकून सांगतेय, "वेल्को काका, हलू नका. आणि बोलू तर अजिबात नका. मेलेल्यानं बोलायचं नसतं."

तुम्हाला सांगतो, एवढं गप्प मला आयुष्यात कुणी बसवलं नव्हतं. म्हणजे झालं होतं काय, तर काहीच झालं नव्हतं. तालीम होती. गावाबाहेरच्या रंगाच्या कारखान्यात स्फोट झालाय असं समजायचं, माणसं होरपळलीत असं समजायचं, आणि एकदम एवढी माणसं दारात आली तर आमचं हॉस्पिटल काय करतं ते राजधानीतून, सोफियाहून, आलेल्या एका साहेबाला करून दाखवायचं. साहेबाच्या गळ्यात वेळ मोजायचं घड्याळ होतं आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आमचे मोठे डॉक्टर करामफिलोव, भला माणूस, त्यांनी आम्हा गावकऱ्यांना सकाळी गोळा करून समजावलं. "मंडळी, लाल चिठ्ठी म्हणजे ताबडतोब आत. पिवळी म्हणजे थोडं थांबेल. हिरवी म्हणजे आपल्या पायानं चालतोय, त्यानं भिंतीपाशी बाकावर बसायचं, बस येईल, शाळेत नेईल. आणि काळी म्हणजे..." इथं ते जरा अडखळले, माझ्याकडे बघितलं. "काळी म्हणजे वेल्को काका."

मी म्हटलं, डॉक्टर, मोडका पाय द्या, भाजलेला हात द्या, मला कण्हता फार छान येतं. तर म्हणतात, "काका, तुमचं वय बघता दगदग नको." आणि स्पासला, जो शाळेत कवायत शिकवतो, दरवाज्यातून अंग तिरकं केल्याशिवाय आत मावत नाही असा माणूस, त्याला लाल. पोटात लोखंड घुसलंय म्हणे. सकाळपासून त्यानं असा काही टाहो फोडला होता की रस्त्यावरची कुत्री उत्तर देत होती.

आता रक्त. नकली रक्ताच्या बाटल्या सोफियाहून यायच्या होत्या, त्या काही आल्या नाहीत. मग युक्ती कुणी काढली? दोन्कानं. दुसरं कोण काढणार? दोन्का म्हणजे माझी शेजारीण, कुंपणापलीकडची. नवरा होता तेव्हा तो सांगायचा की ही झोपेतसुद्धा बोलते आणि मधेच मला विचारते, ऐकतोयस ना म्हणून. ती म्हणाली, "रक्ताला काय तोटा? मिरच्यांचे दिवस आहेत." आणि खरंच होतं की, त्या आठवड्यात गावात एक अंगण असं नव्हतं जिथं लाल मिरच्या भाजून, सोलून, टोमॅटोबरोबर कढईत चटणी आटत नव्हती. आली बरण्यांची पिशवी घेऊन, आणि एकेकाला धरून आपल्या हातानं माखलं. स्वतः हिरवी. हिरवीला एवढं रक्त कशाला लागतं? पण कपाळापासून हनुवटीपर्यंत थापून घेतलं. म्हणते, "चार माणसांत जायचं तर जरा तोंड नीट करून जावं."

चटणी, ऊन आणि सप्टेंबर. पुढं काय झालं ते सांगायला पाहिजे का? गांधीलमाश्या. गावातल्या सगळ्या. लाल, पिवळे, हिरवे, सगळे जखमी हात झाडत पळायला लागले, कुणाच्या डोळ्यांत तिखट गेलं, कुणाच्या मानेला नांगी लागली. आणि बघा हं, डॉक्टरांनी सकाळी एक शहाणपणाची गोष्ट सांगून ठेवली होती. कुणाला खरोखरच त्रास झाला तर डावा हात वर करायचा आणि म्हणायचं, "हे खरं आहे." की तालीम तिथल्या तिथं थांबेल. तर अर्धा तास अख्खं अंगण डावा हात वर करून ओरडतंय, "हे खरं आहे, हे खरं आहे, अगं आई गं, हे खरं आहे." पोलिना बिचारी धावून धावून दमली. जिथं जाईल तिथं गांधीलमाशी. शेवटी तिनं कर्ण्यातून सांगितलं की माश्यांसाठी कुणी हात वर करायचा नाही, आणि तिथून पुढं वर केलेल्या हाताकडे तिनं बघणंच सोडलं. मी तिला दोष देत नाही. मी तर मिशीवर बसलेल्या माशीला हूं म्हणून उडवलं, तर साहेबापुढं मलाच दटावलं, "काका, मेलेल्यानं बोलायचं नसतं."

तर असा मी पडलेलो, डोळे किलकिले करून. समोर भिंत, भिंतीपाशी बाक, बाकावर दोन्का. बडबड चाललेली. शेजारच्या बाईला सांगत होती की सून चटणीत साखर घालते, आता बोला. मी म्हटलं, देवा, मेल्यावरही हिचंच ऐकायचं का? आणि तेवढ्यात ती थांबली.

म्हणजे वाक्याच्या मधे. "मी तिला म्हटलं, साखर घालायची तर..." आणि पुढं काही नाही.

शेजारची बाई बस बघायला उठून गेली. दोन्का बसून होती. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर, मान जरा खाली. कण्हणं नाही, ओरडणं नाही. कुणालाही वाटावं, दमली असेल.

आता हे सांगायला नको होतं, पण सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. माझी बायको, नेवेना, त्याच भिंतीपाशी बसली होती. खूप वर्षं झाली. पुलावर बस उलटली होती, ते काही समजायचं वगैरे नव्हतं, ते झालं होतं. माणसं मिळेल त्या गाडीतून आणली, आणि तेव्हा चिठ्ठ्या नव्हत्या, रंग नव्हते, जो ओरडेल त्याला आधी आत. नेवेना आपल्या पायांनी चालत आली, भिंतीला टेकून बसली, पिशवी मांडीवर. नर्सनं विचारलं तर म्हणाली, आधी त्यांना बघा, मला काही झालं नाही. पोटात आतल्या आत रक्त जात होतं. मी दुसऱ्या गावाहून येईपर्यंत ती तशीच बसलेली होती, गेलेली, आणि कुणाला कळलंही नव्हतं. तिची ती मान मी अजून विसरलो नाही. म्हणून मी तालमीला जातो. नाहीतर मला काय हौस आहे उन्हात मरायची?

मी उठून बसलो. "पोलिना, अगं दोन्काकडे बघ."

"काका, झोपा. साहेब इकडंच बघतायत."

"ती गप्प आहे."

"मग बरंय की. किती छान करतेय बघा मावशी, अगदी खरी वाटते. तुम्ही मात्र सगळं बिघडवताय. मेलेल्यानं..."

बोलायचं नसतं, माहीत आहे. पण चालायचं नसतं असं कुणी म्हटलं नव्हतं. मी उठलो आणि सरळ बाकापाशी गेलो. तिचा डावा हात वर येतच नव्हता हो. बोटं नुसती पिशवीवर हलत होती. मी बाहीनं तिचं तोंड पुसलं. एवढ्या लालभडक चटणीखाली राखेसारखा चेहरा, आणि घामानं चिंब. त्या रंगाखालचं कुणाला काय दिसणार होतं? ती माझ्याकडे बघत होती आणि बोलत नव्हती. दोन्का, आणि बोलत नव्हती.

ओरडून उपयोग नव्हता, ओरडत तर सगळेच होते. अंगणात ऐकलं जात होतं ते एकाच गोष्टीचं. मी स्पासपाशी गेलो आणि त्याच्या गळ्यातली लाल चिठ्ठी ओढली.

"काका, तुम्ही मेलायत ना?"

"मेलोय. आण ती इकडं."

"मग मी काय करू? माझ्या पोटात लोखंड आहे."

"तू बरा झालास. जा, बसमध्ये बस."

लाल चिठ्ठी दोन्काच्या गळ्यात अडकवली, आणि तुम्हाला सांगतो, काय सुरेख तालीम ती. स्ट्रेचरवाले वाऱ्यासारखे आले. तिच्या चेहऱ्याकडे एकानंही बघितलं नाही. रंग बघितला, उचललं, आत. साहेबानं घड्याळ दाबलं. आणि आत कोण होतं? जिल्ह्यातले सगळे डॉक्टर, हात धुऊन, स्फोटाची वाट बघत उभे. एरवी आमच्याकडे दुपारी डॉक्टर शोधायला कँटीनमध्ये जावं लागतं.

आणि मी? मी परत जाऊन ताडपत्रीवर पडलो. दुसरं कुठं जाणार? आत सोडत नव्हते, काळ्याला आत काय काम? मी पडून होतो, माश्या मिशीवर, आणि मेलेल्याला येऊन कुणी काही सांगत नाही हो, हे मला त्या दिवशी कळलं. वाचली की गेली, कुणाला विचारू? मी रडलो. चटणी डोळ्यांत गेली होती, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही.

खूप वेळानं करामफिलोव स्वतः बाहेर आले. पांढरा कोट, गुडघ्यावर माझ्याशेजारी बसले, डांबरावर. हळूच म्हणाले, "वेल्को काका, उठा. हृदयाचा झटका होता. आहे ती. अजून थोडा उशीर झाला असता तर..." मग त्यांनी एकदा भिंतीकडे बघितलं. नेवेनाच्या वेळी ते इथं नवे डॉक्टर होते.

दोन्का तिसऱ्या दिवशी बोलली. मी सुपाची बरणी घेऊन गेलो होतो. डोळे उघडून म्हणते काय, "पुसलंस ते पुसलंस, पण बाहीनं?" आणि मग साखरेचं ते वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू केलं. मी खुर्ची ओढली आणि शेवटपर्यंत ऐकलं.

पुढं साहेबाचा अहवाल आला, डॉक्टरांनी आम्हाला वाचून दाखवला. लाल रुग्णांना आत नेण्याचं काम वाखाणण्याजोगं. एक लाल रुग्ण मात्र शाळेत चीज-पाव खाताना आढळला. आणि शिस्तीचा गंभीर भंग, एक मृत व्यक्ती विनापरवानगी हिंडत होती. सगळे हसले. खाली डॉक्टरांनी आपल्या पेननं एक ओळ घातली होती, ती त्यांनी सावकाश वाचली: जे गप्प बसलेत त्यांना आधी बघा. तेव्हा कुणी हसलं नाही.

परवा पुन्हा तालीम आहे. यंदा भूकंप. रक्त बीटचं करणार आहेत. दोन्काला लाल दिलीय, ती आत्तापासून कुंपणापलीकडे कण्हतेय. मी पोलिनाला म्हटलं, बाई, निदान या खेपेला हिरवी दे, चार घटका बाकावर बसतो. तिनं पेटीत हात घातला आणि काळीच काढली.

"काका, तुम्हाला अनुभव आहे."

म्हटलं, बरं. पण ताडपत्री कुठं टाकणार?

म्हणाली, "डॉक्टरांनी जागा बदललीय. भिंतीपाशी. तिथं सावली असते."

मला बरंच काही बोलायचं होतं. पण मी मान पुढं केली, तिनं सुतळी बांधली... मेलेल्यानं बोलायचं नसतं.