लहेरियातला भटूदादा

नाही, तुम्हीच सांगा, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, माणूस कॉम्प्युटरवर साडीच्या पदराला गुलाब चिकटवत बसलेला असताना कुणी असा फोन करतं का? 'हेमराजभाऊ, तुमचा भटूदादा लूमजवळ खाली बसला, तो उठलाच नाही.' बस! आणि मी काय विचारावं? 'जेवला होता का?'... सुचतं का काही त्या वेळी?

तर, दशक्रियेला फोटो पाहिजे. फोटो कुठंय? एकच होता, तो हजीऱ्याच्या कारखान्याच्या गेटपाससाठी ठेकेदारानं नेला तो परत दिलाच नाही! पण तुम्हाला सांगतो, त्याच्या आधी, पंच्याण्णवला आमच्या ऑफिसात एक स्कॅनरवाला डेमो द्यायला आला होता, तेव्हा मी गंमत म्हणून तोच फोटो काचेवर ठेवला होता. शेठनी स्कॅनर घेतला नाही, स्कॅनरवाला आपलं सॉफ्टवेअर घेऊन गेला, फ्लॉपीत फाईल तेवढी राहिली, आणि तीन वर्षांनी ती एकाही प्रोग्रामात उघडेना! नववा दिवस, उद्या दशक्रिया, आणि दर तासाला नवागामच्या पीसीओवरून वहिनी, 'भाऊजी, निंघना का फोटू?'

कसा निंघेल? मी तीन महिने 'सी' लँग्वेजचा क्लास केलेला माणूस! म्हटलं, आपणच प्रोग्राम लिहू. फाईलच्या सुरुवातीला हेडर असतो, चित्र रुंद किती, उंच किती, रंग कुठून सुरू, सगळं त्यात. एकेक बाइट वाचला. रुंदी २९८, उंची ४००. बरोबर! चालवला... आणि पडद्यावर नुसते तिरके पट्टे, लहेरियाच्या साडीवर असतात तसे! नाक नाही, डोळा नाही! तेवढ्यात मागून शेठ, 'अरे वाह हेमराजभाई, सरस लहेरियुं छे! बॉर्डरमां नाखी दो!' म्हणजे साडीच्या काठात टाका म्हणे!

'शेठ, हा माझा भाऊ आहे.'

शेठ खुर्ची ओढून शेजारी बसले. आणि फोन! 'भाऊजी, निंघना का फोटू?'

मग कळलं, प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन बाइट नुसते भरतीचे, ते मी चेहऱ्यात धरत होतो, म्हणून दरेक ओळ सरकत होती. ते टाळले, चालवला... दादा! पण डोकं खाली, हनुवटी वर! शेठ हळूच म्हणतात, 'ऊंधा छे.' दिसतंय हो मला! फाईलमध्ये खालची ओळ आधी होती. आता वेळ कुठला? मी सरळ शेवटच्या बाइटपासून पहिल्यापर्यंत उलटं वाचत आलो, आणि सुलटा झाला! छापला, सायकल काढली, थेट नवागाम.

वहिनीनं फोटो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ पाहिला. मग गालावरच्या तिळावर बोट ठेवलं. मी वाकून पाहिलं. तीळ डावीकडचा, इथं उजवीकडे. अहो, सगळंच उलटं वाचलं की डावं-उजवंही उलटतं, एवढंसुद्धा कळू नये मला? म्हटलं, 'वहिनी, प्रोग्रामात एका ओळीची चूक आहे, आत्ता जातो, तासाभरात आणतो...'

'ऱ्हाऊ द्या भाऊजी,' ती म्हणाली. 'तुमना दादा दाढी करेत, मी मांगे उभी ऱ्हाईसन वेणी घालू. आरसामा त्या आसाच दिखेत.'



ती ओळ मी अजून दुरुस्त केलेली नाही.