नववी चिप

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे विणकर अन् त्यांची सून उभी होती.

"भूपेश, तुह्या कॉम्प्युटरनं साडीच्या काठाची नक्षी बिघडवली गा! मोराच्या चोचीवर एक टिपका जास्तीचा आला."

"काका, मेमरीत कधीमधी एखादा आकडा आपोआप पलटते."

"पलटते, अन् सांगत नाही?"

"तुमच्या मेमरीत आठ चिप आहेत. महागडीत नववी राहते. ते बाकीच्या आठांवर नजर ठेवते, चूक पकडते, दुरुस्तही करते."

"मंग मले नववी काहून नाही देली?"

"घरच्या कॉम्प्युटरले कोणी घेत नाही, काका."

"आमी ताणा मोजताना दर शंभर धाग्यांवर लाल सूत बांधतो, चूक तिथंच सापडावी म्हणून. हातमागाले राखणदार, अन् तुह्या मशीनले नाही? त्या टिपक्यापायी मी ह्या भारतीले दोनदा विणलेलं उकलाले लावलं! कोणी तरी सांगाले पाहिजे होतं ना, का नक्षीच चुकली म्हणून!"

"मामाजी, मी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. तुम्ही म्हणाले, कॉम्प्युटर कधी चुकत नाही, तूच चुकली."