‘काही नको’ म्हणायची पेशी

अवं, देणारीबी मीच अन् लायनीत उभीबी मीच! सांगा मले, हे कोणत्या दुनियेत चालते? मांगाले गेलेल्या माणसानं पायऱ्या झिजवाव्या, मी समजू शकते. पण मी तं सोडाले गेली होती. सोडाले! बाबाच्या संत्र्याच्या बगिच्यातला माहा हिस्सा सोडाचा, साहेबासमोर उभं राहाचं, ‘मले काही नको’ म्हणाचं, सही ठोकाची अन् दुपारच्या बसनं वापस पांढुर्ण्याले. तीन शब्दाचं काम! अन् त्या तीन शब्दासाठी मी सालभर कोर्टात जाऊन राहिली! कोणतं कोर्ट ते नाही सांगत. नाव घेतलं तं त्याचीबी पेशी, म्हंजे तारीख, लागन.

तं तुम्हाले सांगते, माहे बाबा भगवंतराव, रामाकोन्याचे. मांगच्या साली गेले. माय तं आधीच गेली. पोटी आम्ही दोघंच, मी रजनी मोठी अन् राजू लहान. तेरवी झाली, पाहुणे गेले, अन् राजू आला माह्याजवळ सरकत सरकत... “ताई, पटवारी म्हणते, वारसात तुहंबी नाव लिहा लागते.” म्हटलं, “लिही ना बापा.” म्हणे, “लिहतो. अन् मंग ते कापा लागते.” पाहा! जन्मात पहिल्यांदा जमिनीच्या कागदावर माहं नाव आलं, अन् ते कशासाठी आलं? कापासाठी!

पण तवा मले काही वाटलं नाही, खोटं कायले बोलू? आमच्याकडं बहिणीनं ‘नको’ म्हणाचं, भावानं साडी नेसवाची, असंच चालत आलं. मायनं म्हटलं, आत्यानं म्हटलं, मीबी म्हटलं, “मले काही नको, राजू. फक्त माहेराचं दार उघडं ठेव.” माही भावजय दामिनी माह्या गळ्यात पडून रडली. खरंच रडली बिचारी, माहा पदर वला केला तिनं.

पहिल्या पेशीले काय थाट माहा! राजू रामाकोन्यावरून कार घेऊन थेट पांढुर्ण्याले, माह्या दारात. “ताई, समोरच्या सीटवर बस. ताई, एसी वाढवू का? ताई, सौंसरले कचोरी खाशीन?” मले तं वाटे मी नवरीच आहो! कोर्टात राजूनं लावलेला वकील उभाच. त्यानं माह्याकडून पाठ करून घेतलं... “देखो बहनजी, साहब पूछेंगे, कुछ चाहिए? आप बोलना, मुझे कुछ नहीं चाहिए, पिताजी ने शादी में सब दे दिया।” म्हटलं, “हे मराठीत नाही चालत का?” म्हणे, “आपल्या राज्यात रिकॉर्ड हिंदीत राहते, बाई.” बरं बापा! मी भिंतीले टेकून पुटपुटून राहिली... मुझे कुछ नहीं चाहिए, मुझे कुछ नहीं चाहिए... येणारे जाणारे पाहून राहिले, म्हणत असतील, कोणी साध्वी आली वाटते! अन् आतमंदी बाबू. मान खाली. मान वर कराचे त्याले वेगळे पैसे लागत असतील. म्हणे, “साहब दौरे पर हैं। अगली पेशी।”

दुसऱ्या पेशीले साहेब होते, वकील नोते. बहिष्कार! कशावर, तं ते त्याईलेच माहीत नोतं. त्याच्या मंगच्या खेपेले वकील होते, साहेबाची बदली झाली होती. नवा साहेब म्हणे, “मैं पहले फाइल देखूँगा।” पाहा ना बापा! पण फाइल? बाबू म्हणे, “फाइल ऊपर गई है।” वर कुठं? मी बाहीर येऊन पाह्यलं. तुम्हाले सांगते, त्या इमारतीले वरचा मजलाच नाही! कौलं आहेत, अन् कौलावर एक माकड! म्हटलं, त्याच्याजवळ असन तं मांगून आणते. अहो, मले काही नको! काही नको म्हणाची तं सोय करा!

अन् इकडं माहा मान पाहा कसा उतरत गेला. आधी कार. मंग मोटरसायकल, तोंडभर धूळ. मंग फोन... “ताई, संत्र्याचा तोडा चालू आहे, बसनं ये ना.” बरं, आली बसनं. मंगच्या बारीले म्हणते, “ताई, येता येता पाण्याची बाटली आणजो, इथलं पाणी खारं लागते.” म्हंजे पाहा! माहा हिस्सा त्याले, तिकीट माहं, अन् पाणीबी माहंच! कचोरी तं सोडाच, चहाले विचारलं नाही. साडी? साडीचं नाव नाही!

घरी आमचे हे बसले पेपर घेऊन. म्हणे, “लोक एवढ्या दिवसात जमीन कमावून घेतात, तुह्यानं सोडूनबी नाही झाली?” टाळकंच फिरलं माहं!

पण पुढच्या पेशीले कोर्टाच्या बाकड्यावर बसल्या बसल्या मले एक गोष्ट समजली. फुकटची, बिनकामाची वस्तू सोडाले एवढा खटाटोप लागते काय? जुनं मडकं फेकाले कोणी साहेबाची सही घेते काय? ज्याच्या ‘नको’साठी वकील, बाबू, पटवारी, दोन दोन साहेब लागून राहिले, ते किती मोठं असन! अन् ते मी कचोरीवर देऊन राहिली!

अन् म्हणे ‘शादी में सब दे दिया’! काय सब? एक कपाट देल्लं बाबानं, त्याचं दार अजून लागत नाही, कागदाची घडी घालून ठेवते. पण बाबाचा राग नाही मले. बाबा देत तं सगळं देत, त्याईले कोणी शिकवलंच नाही का पोरीले जमीनबी देता येते. राग मले त्या ‘सब’चा येते!

तं आखरीची पेशी. साहेब हजर, वकील हजर, फाइलबी खाली उतरलेली! माहा नंबर यायचा होता, अन् बाजूले राजू फोनवर कोण्या व्यापाऱ्याशी बोलून राहिला... “हाव, हाव, विहिरीजवळची ओळ काढूनच टाकतो पुढच्या साली. म्हातारी झाडं, माल काय देतात?”

विहिरीजवळची ओळ! अहो, ती ओळ मायनं अन् मी जगवली. मोटर जळाली होती त्या उन्हाळ्यात, रोपटी हातभर, अन् आम्ही दोघी घागरी घेऊन चालत होतो. माह्या कंबरेवर घागर, मायच्या डोक्यावर घागर, अन् हा राजू विहिरीजवळ एका मोठ्या झाडाखाली पाळण्यात झोपलेला! माय म्हणे, “रजनी, हे आपलं दोघीचं.” माय गेली. ती ओळ आहे. अन् हा म्हणते, काढूनच टाकतो!

तेवढ्यात चपराशी ओरडला, “रजनी, पुत्री स्वर्गीय भगवंतराव, हाजिर हो!” गेली मी आत. साहेब म्हणे, “बोलिए, आपको कुछ चाहिए?”

सालभराचं पाठांतर! झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं! तोंड उघडलं... अन् म्हटलं, “चाहिए!”

वकिलाचा पेनच पडला. “बहनजी, नहीं चाहिए बोलना है!” म्हटलं, “तुम्हाले नसन पाहिजे. मले पाहिजे. विहिरीजवळची ओळ पाहिजे.” अन् तुम्हाले सांगते, बाबूनं मान वर केली! सालभरात पहिल्यांदा! त्याले मिशी आहे, मले तवा दिसली.

बाहीर राजू लाल. “ताई! तू तं म्हणे, मले काही नको!” म्हटलं, “म्हटलं होतं ना! ‘नको’ म्हणाले सालभर आली, कोणी लिहून घेतलं? ‘पाहिजे’ म्हटलं, तं लगेच लिहून घेतलं!”

घागरीची, त्याच्या पाळण्याची गोष्टबी तिथंच सुनावली त्याले. मंग बरेच दिवस बोलणं बंद. दामिनीनं राखीले फोन उचलला नाही. माहेराचं दार लागलं की काय... खूप रडली मी, तुमच्याजवळ कायले लपवू? एका ओळीसाठी भाऊ गमावला, असं वाटे. अन् एक दिवस राजूचाच फोन. “ताई, झाडं नाही तोडत. तुही ओळ तुले. पाळणा कोणत्या झाडाखाली होता, ते तेवढं येऊन दाखवजो.”

आता साहेब म्हणे, भावाचं बयान लागते, त्याची काही हरकत नाही म्हणून. राजू म्हणे, “त्याच्यात काय आहे? तीन शब्द बोलाचे अन् वापस येवाचं!”

काल गेलो आम्ही दोघंबी. बसनं. सारा रस्ता राजू पुटपुटून राहिला... मुझे आपत्ति नहीं, मुझे आपत्ति नहीं... आत गेलो. बाबूनं मान खालीच ठेवली.

“साहब दौरे पर हैं। अगली पेशी।”

राजू पाहातच राहिला माह्याकडं. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, त्याच्या हातात देल्ली. म्हटलं, पी भाऊ. तुही तं पहिलीच पेशी आहे.