साकवाचा फोटो

शहापूरच्या एसटी स्टँडवर सरिता गाडीची वाट बघत होती. शेजारच्या म्हातारीला गाव विचारून एका कार्यकर्त्याने तिच्या हातात आमदारसाहेबांच्या कामांचं पुस्तक ठेवलं.

“आजी, हा बघा तुमच्या ओढ्यावरचा साकव. साहेबांनी अधिवेशनात मागून आणला.”

“हा बांबूचा साकव आमी बांधलाय रे. दरसाल आमीच बांधतो. सिमेंटचा कुठं हाय?”

“होईल ना.”

“पुस्तकात झाला लिवलाय. मंग परत कोन देल? सुनेला नववा महिना लागलाय, दवाखाना ओढ्यापल्याड.”

“फोटो चुकला असेल, आजी.”

“फोटो नाय चुकला. बांबू धरून उभी हाय, ती माझी सूनच हाय.”

“साहेबांना सांगतो.”

“सांगू नको. माझ्यासंगं एसटीत बस. तिला झोळीतून न्यायची हाय, एक टोक तू धर.”

सरिताने पुस्तकासाठी हात पुढे केला. “दादा, आमच्या गावचं पान काढून द्या. तिथं काय काय झालं लिहिलंय, बघते.”