शुक्रवारचा फोन

माझं माहेर कोपरगावकडचं, गोदावरीच्या काठचं. चौथीपर्यंत शाळा झाली, मग धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसवलं. शिकायला मिळालं न्हाई म्हणून मी कधी रडले न्हाई, पण दुसरी बाई शिकताना दिसली की माझ्या पोटात दुखायचं, हे खरं हाय, आता लपवून काय करू. लग्न होऊन सोनईजवळ आले. मालक साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर हुते, म्हणून आळीत पहिला फोन आमच्याकडं आला. लाल रंगाचा, गोल तबकडीचा. कुणीही येऊन फिरवू नये म्हणून तबकडीला बारकं कुलूप, आणि किल्ली माझ्या कमरेला.

माझ्या थोरल्या पोराची बायको निर्मला. दहावीला बाकी सगळ्यात पास, इंग्रजीत राहिलेली. गावात नवी अंगणवाडी निघणार हुती, आणि सेविका व्हायला दहावी पास पायजे. तिच्या माहेरच्या शाळेतल्या एक बाई रिटायर होऊन नगरला राहत हुत्या, पायानं अधू, घराबाहेर पडत नव्हत्या. त्यांनी कळवलं, मीच फोन करीन, मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी तीनला, ऑक्टोबरच्या परीक्षेला बस. मालक म्हणाले शिकू दे, मग मी काय बोलणार.

तीनला घंटी वाजायची. निर्मला वही मांडीवर घेऊन, रिसीव्हर मानेत धरून बसायची, तिकडून बाई बोलायच्या, इकडून ही तसंच म्हणायची. मधेच हसायची. काय सांगू तुमाला, ते हसू मला सोसायचं न्हाई. माझ्या घरात, माझ्यासमोर, आणि कशावर हसती ते मला कळत न्हाई. मला वाटायचं माझ्यावरच हसती. त्यात शेजारची सखू, काय गं, सून मडम झाली तुझी, आता तुला इंग्रजीत कामं सांगंल. मी म्हणलं, इंग्रजीत थापली तरी भाकरी चुलीवरच भाजावी लागती. सगळ्या हसल्या, मी पण हसले, पण लागलं हुतं.

एका शुक्रवारी निर्मला पोराला डोस पाजायला गेल्ती, तिला उशीर झाला. फोन वाजला, मी उचलला. बाई म्हणाल्या, निर्मलाच्या सासूबाई का, नमस्कार, पोरगी फार हुशार आहे तुमची, परीक्षेला दोनच महिने राहिले, आता मी रोज घेईन म्हणते. रोज म्हणाल्या आणि माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे. मी म्हणलं, तिला न्हाई शिकायचं आता, तुमाला सांगायला लाजती. बाई मग म्हणाल्या, बरं, तिचं मन बदललं तर मी इथंच आहे.

निर्मला आली, पोराला खाली ठेवलं न ठेवलं आणि विचारलं, आत्या, बाईंचा फोन आल्ता का. मी म्हणलं, आल्ता, तुला जमायचं न्हाई म्हणाल्या, उगं माझा वेळ घालवू नको म्हणाल्या. असंच म्हणाल्या? व्हय, असंच. ती रडली न्हाई. मला वाटलं हुतं भांडंल, बाईंना फोन लावायला किल्ली मागंल, मग देऊन टाकीन. तिनं किल्ली मागितलीच न्हाई. मंगळवार आला, तीन वाजले, फोन गप्प, ही कांदा निंदायला निघून गेली.

परीक्षेचं पत्र पोस्टानं आलं, ते तिनं पिठाच्या डब्याखाली घातलं. पेपर हुता त्या दिवशी आमी दोघी एकाच सरीत खुरपत हुतो. दहा वाजेपर्यंत सांगता आलं असतं, एसटी हुती. मी खाली मान घालून खुरपत राहिले.

सेविका दुसरीच कुणी झाली. निर्मला त्याच अंगणवाडीत मदतनीस लागली, झाडायचं, खिचडी शिजवायची, पोरं धरून आणायची. आजतागायत तेच करती. काही वर्षांनी नगरच्या बाई गेल्याचं कळलं. मालक निर्मलाला म्हणाले, भेटून ये घरच्यांना. ती म्हणाली, मी कोणत्या तोंडानं जाऊ. तेव्हा पण मी गप्पच.

आता माझी नातसून, पूजा, निर्मलाचीच सून, मोबाईलवर इंग्रजी शिकती. पडद्यावर मास्तरीण दिसती, लांब कुठं पुण्याला असती म्हणं. चार वाजले की निर्मला पूजाचं लेकरू काखेला घेती, दार ओढून घेती आणि आवाज करू नका म्हणती. परवा पूजा म्हणाली, आई, तुमी पण बसा की. निर्मला म्हणाली, न्हाई गं, मला जमत न्हाई, माझ्या बाईच म्हणाल्या हुत्या.

मग मी सांगितलं. पूजासमोर सगळं सांगितलं. निर्मला गहू पाखडत हुती, सूप खाली ठेवलं. मग काय म्हणाल्या हुत्या बाई? मी म्हणलं, हुशार हाय म्हणाल्या, रोज घेते म्हणाल्या. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, बाई गेल्या तवा मी गेले न्हाई, आत्या. एवढंच. सूप उचलून पाखडायला लागली.

ती मला भाकरी गरमच वाढती, पण बोलत न्हाई. बोलू नये. मी माफी मागितली न्हाई, कशी मागू, तिचे दिवस माझ्याकडं थोडेच हायेत परत द्यायला. पण कालपासनं चारला ती पूजाबरोबर आत बसती. लेकरू माझ्याकडं. मी दाराशी बसून असते, कुणी आलं तर सांगते, आत शिकवणी चालू हाय, मागनं या. आतून हसण्याचा आवाज येतो. हसू द्या. माझ्यावर हसत असल्या तरी हसू द्या.