अर्ध्या दिवसाचा पोशाख

मी, गल्लीत सगळे काजवाली आजी म्हणतात ती, वय अंदाजे बहात्तर, धंदा शिंप्याच्या दुकानात काज-बटण करणे, शिक्षण नाही, राहणार लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या. ठाण्यात बोलावून विचारल्यावरून समक्ष सांगते की,

वरील ठिकाणी मी मुलगा, सून व नात यांच्यासह राहते. नातीचे लग्न काल दुपारी तीन वाजता बाजारामागच्या हॉलमध्ये झाले. त्याच हॉलमध्ये सकाळी अकरा वाजता दुसऱ्या घरचे लग्न होते. ते झाले नाही, कारण नवरी हजर नव्हती. तिच्या वडिलांनी माझ्यावर तक्रार दिली आहे.

लग्नाचा खर्च आवाक्यात बसेना म्हणून आम्ही घरात काटछाट केली. छापील पत्रिका गेल्या, फोटोवाला गेला, बँडवाला गेला. मुलगा म्हणाला, "आई, आता कापायला नवरदेवच काय तो उरलाय." नवरीचा पोशाख भाड्याने घ्यायचे ठरले. दुकानदाराने पूर्ण दिवसाचे भाडे सांगितले. मी म्हटले, अंगावर तीन तास आणि भाडे दिवसभराचे, हा कुठला न्याय? तो म्हणाला, "आजी, त्याच हॉलला सकाळी अजून एक नवरी आहे, तिच्या घरच्यांशी बोला." आम्ही बोललो. भाडे निम्मे निम्मे ठरले. पोशाख दुपारी एकपर्यंत त्यांचा, पुढे आमचा. सगळे तोंडी ठरले. कागद केला असता तरी मला तो वाचता आला नसता.

पोशाख माझ्या नातीच्या मापाचा होता, आणि नात खात्यापित्या घरची आहे. सकाळची नवरी काडीसारखी. म्हणून तिच्या अंगावर कंबरेला कच्चा टाका घालून आवळायचा आणि नंतर उसवायचा, हे काम माझ्याकडे आले. त्यासाठी मी साडेनऊ वाजता हॉलच्या मागच्या खोलीत गेले. सोबत नातीच्या कपड्यांची पिशवी होती.

खोलीत नवरी एकटी होती. तिला मी त्याआधी ओळखत नव्हते. टाका घालून झाल्यावर तिने विचारले, "आजी, हा टाका किती टिकतो?"

मी म्हटले, "दुपारपर्यंत. दोऱ्याचं टोक धरून ओढलं की झालं."

ती म्हणाली, "मग ओढा."

मी विचारले, "का गं, मुलगा वाईट आहे का?"

ती म्हणाली, "माहीत नाही. दोनदा भेटले. दोन्ही वेळा बाबाच बोलले."

मी वय विचारले. सव्वीस म्हणाली. सज्ञान आहे, हे साहेबांनी लिहून घ्यावे. मी तिला सांगितले, "हे बघ बाळ, तुझं तू ठरव. पण जायचं असेल तर पोशाख ठेवून जा. निम्मं भाडं आमचं आहे." ती हसली. तोवर मी तिला हसताना पाहिले नव्हते. मी दोरा ओढला. पाठीला बावीस बटणे होती, ती काढली. एवढेच मी केले. नंतर मी भिंतीकडे तोंड करून दोरा रिळाला गुंडाळत बसले. चांगला दोरा होता, टाकवेना. वळून पाहिले तेव्हा पोशाख खुर्चीवर नीट घडी करून ठेवलेला होता.

जाताना तिच्या अंगावर काय होते असे विचारले असता, मला ते दिसले नाही. चष्मा पिशवीत होता. चष्म्याशिवाय सुईत दोरा कसा ओवला, असे हवालदारांनी विचारले. सवयीने ओवला. ती कोणत्या बाजूला गेली हे मला सांगता येणार नाही.

नातीला पोशाख लवकर मिळावा म्हणून मी मुलीला फूस लावली, असे तिचे वडील म्हणतात. हे खोटे आहे. एकपर्यंत थांबायला आम्ही तयार होतो. पोशाख वापरला नाही म्हणून त्यांचे निम्मे भाडे परत द्यावे, असेही ते म्हणतात. पोशाख तिने पाऊण तास घातला होता. काल ते हॉलमध्ये माझ्याशी बराच वेळ बोलले. त्यात भाडे चार वेळा आले. मुलगी जेवली असेल का, हे एकदाही आले नाही.

माझ्या स्वतःच्या लग्नाबद्दल कोणी विचारलेले नाही. तेव्हाही विचारले नव्हते. म्हणून सांगत नाही.

घरी आल्यावर पिशवीत नातीच्या कपड्यांचा एक जोड आणि चपला कमी भरल्या. त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. नातीलाही विचारले. ती म्हणाली, "आजी, चपला जरा चावतात, हे तिला सांगितलंस ना?" मी सांगितले होते.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश, दोनदा वाचून दाखवला. त्यात मुलगी "पळून गेली" असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून "चालत गेली" असे केले. आता तो मी बोलले तसाच आहे. खाली डाव्या हाताचा अंगठा माझा.