सुलभाच्या बाजूचा टॉर्च

पाण्याखालचा टॉर्च निवडणं सोपं असेल असं तुम्हाला वाटतं ना? मालवणला स्कूबा करायचं माझ्या बायकोच्या, सुलभाच्या मनात होतं. ती वारली, तिची इच्छा म्हणून आता मुलगी मला नेतेय. ओळखीच्या दुकानदाराने दोन टॉर्च घरी पाहायला दिले. एकाचा झोत बारीक, दुसऱ्याचा पसरट. बादलीत काही कळेना, म्हणून आमच्या रोडपालीच्या सोसायटीच्या टाकीचं झाकण उघडलं आणि दोरीला बांधून बारीक झोताचा आत सोडला.

सेक्रेटरी म्हात्रे धावत आले. "भाऊ, प्यायचं पाणी हाय ते!"

"धुऊन आणलाय. समुद्रात किती दिसेल ते बघतोय."

तेही वाकले. "बघा, तळ कसा चकाचक! सुलभावहिनी उगाच बोलायच्या, पाण्याला वास येतो म्हणून. दर दिवाळीला साफ करतो आपण."

मग मी पसरट झोताचा सोडला. सगळे कोपरे उजळले. गाळ, शेवाळ आणि कुणाची तरी एक चप्पल.

म्हात्रे झाकण ओढू लागले. मग म्हणाले, "भाऊ, तुमी तो पयलाच घ्या. समुद्राला तोच बरा."

मी दुसरा घेतला. मासे दिसतील तेव्हा दिसतील. सुलभाची बाजू घेणारा टॉर्च मी परत देणार होतो थोडाच!